चार फूट रुंदी, पाच फूट थर

चाळ कुठे बांधायची हे ठरवायला तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हाला अख्खा पावसाळा थांबवलं. भावाला घाई होती. जुनी चाळ टेकू देऊन उभी होती, लोखंडाचे भाव चढत होते आणि चांदवड तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर घरामागे जागाही मोकळी होती. पण तात्या म्हणाले, "एक पावसाळा जागा बघू. वारं कुठनं येतं, पाणी कुठं थांबतं, हे कळल्याशिवाय खड्डे घ्यायचे नाहीत."

त्यांनी घरामागे तीन ठिकाणी बांबू रोवले आणि प्रत्येकाच्या टोकाला आईच्या जुन्या लुगड्याची हातभर पट्टी बांधली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळ त्या पट्ट्यांकडे त्यांचं लक्ष असायचं. मी नाशिकहून शनिवारी गेले की मला ते अहवाल द्यायचे. भिंतीलगतच्या बांबूची पट्टी पावसाळाभर मलूल लोंबत राहिली, कारण पश्चिमेचा वारा घरावर अडत होता. मधली कधी हले, कधी नाही. विहिरीच्या बाजूची, घरापासून साठेक फुटांवरची पट्टी मात्र दिवसरात्र फडफडत होती. दिवाळीपर्यंत तिच्या चिंध्या झाल्या. चाळीची जागा ठरली.

ही गोष्ट कांद्याच्या चाळीची आहे. मुंबईच्या माणसाला चाळ म्हटलं की बिऱ्हाडं आठवतात, आणि आमच्या चाळीतही खणांची रांग आणि मधून चालायला बोळ असतोच. नाशिककडे तिला चाळ म्हणतात, जुन्नर-आंबेगावकडे बराखी. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि पुढचा लाल कांदा बाजारात यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. मधले पाच-सहा महिने देशाच्या बऱ्याच मोठ्या भागाचं स्वयंपाकघर ज्या कांद्यावर चालतं, तो शेतकऱ्यांच्या घरामागच्या अशा चाळींमध्ये असतो. तो कुठल्या प्रचंड गोदामात असेल अशी माझ्या शहरातल्या मैत्रिणींची समजूत आहे. म्हणून हे तपशिलात लिहावंसं वाटलं.

चाळ घराजवळच का, रानात का नाही, असं मला पूर्वी वाटायचं. एक तर रोज तिच्याकडे जावं लागतं. दुसरं कारण सांगताना जीभ जड होते. कुणीतरी रात्रीतून चाळीत युरिया टाकला आणि वर्षभराची कमाई सडून गेली, अशा बातम्या आमच्या जिल्ह्यात अधूनमधून येतात. युरिया ओल धरतो, विरघळतो, त्याचं पाणी थरांतून खाली उतरतं आणि जिथे लागेल तिथला कांदा नासतो. वरून काही दिसत नाही. वास सुटतो तोवर फार उशीर झालेला असतो. त्यामुळे चाळ नजरेच्या टप्प्यात हवी, रात्री कुत्रं भुंकलं तर ऐकू येईल एवढी जवळ. पण गोठ्याला आणि उकिरड्याला चिकटून नको, तिथली दमट हवा कांद्याला सोसत नाही. पिकअप किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली भर पावसात तिच्या तोंडाशी लागली पाहिजे, नाहीतर भाव असताना माल घरात अडकतो. आम्ही चाळीच्या आधी पन्नास फुटांचा मुरमाचा रस्ता केला. चाळीच्या खर्चात तो कुणी धरत नाही, पण धरायला हवा.

जुन्या चाळीने आम्हाला काय शिकवलं ते सांगते. ती २०१४ साली बांधली होती. बांधणाऱ्याने तात्यांना पटवलं की रुंदी साडेपाच फूट घेऊ, कांदा सात फुटांपर्यंत भरू, त्याच पत्र्याखाली जास्त माल बसेल. ऐकायला हिशेब बरोबर होता. तळही जमिनीपासून जेमतेम वीतभर वर ठेवला, कारण उंच केला तर लोखंड जास्त लागतं. पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये खण फोडला तेव्हा कडेचा कांदा लालबुंद, चकचकीत होता. हात कोपरापर्यंत आत गेला आणि गरम लागला. आईने हात तसाच मागे घेतला. मधला हातभर पट्टा पूर्ण पाणी झाला होता. तो उपसायला चार बायका दोन दिवस लागल्या. उपसलेला माल खड्ड्यात गेला. सात फुटांच्या भाराने तळचा कांदा दबून फुटला होता आणि साडेपाच फुटांच्या पोटात वाराच पोचला नव्हता.

कांदा जिवंत असतो, हे त्या वर्षी मला खरं कळलं. काढल्यानंतरही तो श्वास घेतो. उष्णता आणि पाण्याची वाफ बाहेर टाकतो. ती वाफ वाऱ्याबरोबर निघून गेली तर ठीक, नाहीतर शेजारच्या कांद्यावर बसते. चाळीत साठवायला जागा लागते हे खरं, पण चाळ बांधताना जी मापं सांभाळायची ती सगळी हवेची मापं आहेत.

एका हंगामात या कांद्यावर तीन वेगवेगळी संकटं येतात. मे महिन्याच्या भट्टीत तो सुकतो, वजन घटतं. मात्र त्या उष्णतेत कोंब येत नाहीत. पंचवीस ते तीस अंशांमध्ये कांदा बऱ्यापैकी निजलेला राहतो. मग जून-जुलै येतो, हवेत ओल भरते आणि सड सुरू होते. सालीखाली काळी भुकटी धरते, तिला आमच्याकडे काजळी म्हणतात. ती बुरशी असते. सप्टेंबर सरताना रात्री गार होऊ लागल्या की कांद्याची झोप मोडते आणि कोंब फुटायला लागतात. साध्या साठवणीत चार-पाच महिन्यांत चाळीस टक्क्यांपर्यंत माल हातचा जातो तो असा, तीन हप्त्यांत.

नवी चाळ बांधायची ठरल्यावर मी आणि भाऊ मापांच्या मागे लागलो. कृषी विभागाच्या आराखड्यात आणि राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या सांगण्यात जे आहे तेच जुने जाणते शेतकरीही सांगतात: पाखीची, म्हणजे कांदा भरायच्या एका रांगेची, रुंदी चार फूट, कांद्याचा थर पाच फूट, लांबी चाळीस फुटांपर्यंत, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर. दुपाखी असेल तर दोन पाख्यांच्या मध्ये पाच फुटांचा मोकळा बोळ. चार फूट रुंदी का, तर दोन्ही बाजूंनी आलेला वारा दोन-दोन फूट आत शिरतो आणि मध्ये भेटतो. पाच फूट उंची का, तर त्याहून जास्त भार तळच्या कांद्याला झेपत नाही. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात, म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या पूर्ण लांबीवर आडवा लागतो. दुपाखी पूर्व-पश्चिम बांधतात. वारा बोळातून सरळ धावतो, दोन्ही पाख्यांना मिळतो आणि पावसाची झड फक्त आखूड बाजूवर येते.

क्षमता कशी काढायची हे भावाने मला वहीच्या मागच्या पानावर दाखवलं. चाळीस गुणिले चार गुणिले पाच, म्हणजे एका पाखीचे आठशे घनफूट. दोन पाख्यांचे सोळाशे. एका घनफुटात सोळा किलोच्या आसपास कांदा बसतो. झाले पंचवीस टन, म्हणजे अडीचशे क्विंटल. अनुदानाच्या कागदावर जी २५ टनांची चाळ असते ती हीच. अनुदान कित्येक वर्षं टनाला ३,५०० रुपये, म्हणजे २५ टनांना ८७,५०० होतं; पुढे त्यात बदल झाले. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद, आठ-अ, सोडतीत नाव आणि मग पूर्वसंमती, असा तेव्हा तो रस्ता होता. इथे एकच गोष्ट कळकळीने सांगते: पूर्वसंमती हातात येण्याआधी पाया खोदू नका. आधी बांधलेल्या चाळीला अनुदान मिळत नाही, आणि या एका घाईने अनुदान गमावलेली दोन घरं मला आमच्याच शिवारात माहीत आहेत.

खरेदीकडे वळलो तेव्हा तीन फॅब्रिकेशनवाल्यांकडून दर आणले. सगळ्यात स्वस्त दर देणाऱ्याने छताचे पत्रे भिंतीबाहेर एकच फूट काढले होते. ते तीन फूट तरी हवेत. उघड्या जाळीच्या भिंतीला तिरप्या पावसापासून वाचवणारं दुसरं काहीच नसतं, आणि झड लागू नये म्हणून ताडपत्री बांधली की वाराही बंद होतो. दुसऱ्याने तळाला लोखंडी पट्ट्या एकमेकींना चिकटवून लावायचं म्हटलं. तिसरा वयस्क होता, येवल्याकडचा. त्याने दराच्या आधी विचारलं, "वारं कुठल्या अंगाने येतं तुमच्याकडं?" तात्यांनी त्याला चिंध्या झालेली पट्टी दाखवली. काम त्यालाच दिलं, जरी तो बाकीच्यांपेक्षा महाग होता.

लोखंड की बांबू यावर घरात बरेच दिवस वाद झाला. सांगाडा लोखंडी असावा यात दुमत नव्हतं. भिंतींना मात्र तात्यांना बांबूच्या कामट्या हव्या होत्या. उन्हात लोखंड तापतं आणि त्याला टेकलेला कांदा भाजल्यासारखा होतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. भावाला वेल्डमेशची जाळी हवी होती, कारण कामट्या चार-पाच वर्षांत बदलाव्या लागतात. शेवटी पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला कामट्या, आतल्या बोळाच्या बाजूला जाळी, असं केलं. तळाला बोटभर फट ठेवून लाकडी पट्ट्या. छताला मंगलोरी कौलं सगळ्यात गार, पण त्यांच्या वजनाला सांगाडा भारी लागतो आणि माकडं आली की कौलं जागेवर राहत नाहीत. सिमेंटचे पत्रे घेतले. लोखंडी पत्र्याइतके ते तापत नाहीत. तळाखालच्या जमिनीवर कोबा केला, म्हणजे गवत उगवत नाही, ओल वर येत नाही आणि उंदराची बिळं लगेच दिसतात.

या सगळ्यात मला सर्वांत पटलेली सूचना त्या येवल्याच्या मिस्त्रींची होती. चाळीस फुटांची पाखी सलग न ठेवता दहा-दहा फुटांचे खण करा, मध्ये जाळी घाला. दोन्हीकडचे मिळून आठ खण. प्रत्येकात एकतीस क्विंटलच्या आसपास माल. विकायच्या वेळी एक खण फोडला तरी बाकीचे हलत नाहीत, आणि एकात सड लागली तर ती शेजारी पसरत नाही. खर्च थोडाच वाढला. सगळं मिळून आमचे साडेतीन लाख गेले, रस्ता आणि कोबा धरून.

पण चाळ कितीही नेटकी असली तरी ती बिघडलेला कांदा सुधारत नाही. कांदा टिकणार की नाही ते रानातच ठरतं, आणि यावर मी थोडं जास्त बोलणार आहे. आमच्याकडे टिकाऊ वाण म्हणून पिंपळगाव बसवंतच्या केंद्रातून आलेला एन-२-४-१ अजूनही लोक मागतात. राजगुरुनगरचे भीमा किरण आणि भीमा शक्ती हेही साठवणीला चांगले. लागवडीनंतर दोन महिन्यांच्या पुढे युरिया टाकला की कांदा दिसायला मोठा होतो, पण मान जाड राहते. जाड मान म्हणजे उघडं दार. बुरशी तिथूनच आत जाते. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. निम्म्याहून जास्त माना आपोआप पडल्या की काढणी.

काढलेला कांदा आमच्याकडे बायका सरीत असा मांडतात की एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर पांघरुणासारखी पडते. ऊन कांद्याला थेट लागत नाही आणि पात सुकताना तिच्यातलं उरलंसुरलं कांद्यात उतरतं. तीन-चार दिवसांनी कापणी. विळ्याने पात कापताना इंचभर मान ठेवायची. कमी ठेवली तर जखम उघडी राहते. दिवसभर वाकून, एका हाताने कांदा आणि दुसऱ्या हाताने विळा फिरवताना ते इंचाचं माप कधी चुकत नाही अशा बायका आमच्या गावात आहेत. त्यांच्यातल्या एका मावशींना मी विचारलं, "माप कसं कळतं?" त्यांनी अंगठ्याचं पहिलं पेर दाखवलं. ठेकेदारी टोळीला एकरावर काम दिलं की हात भरभर चालतो आणि हेच पेर हुकतं. तात्या म्हणूनच साठवणीच्या कांद्याची कापणी रोजंदारीवर करून घेतात.

नंतर सावलीत दहा-बारा दिवस ढीग. साल खडखडीत वाजली पाहिजे, मान मिटली पाहिजे. मग निवड: जोड कांदा, फुलाचा दांडा आलेले डेंगळे, जाड मानेचा, विळा लागलेला, सगळा बाजूला काढून लगेच विकायचा. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, हीही वेगळी, कारण ती मोठ्या कांद्यांमधल्या फटी बुजवते आणि वारा अडवते. चाळीत जाईल तो मध्यम, एकसारखा, दुहेरी पत्तीचा. भरताना पाटी उंचावरून ओतायची नाही. खणात उतरून ओणवं होऊन पाटी टेकवायची. आपटलेल्या कांद्याला बाहेरून काही दिसत नाही, महिन्याभराने तो आतून बसतो.

आता पैशाचं. समजा मे महिन्यात क्विंटलला १,२०० रुपये भाव आहे. अडीचशे क्विंटलचे तीन लाख होतात. तोच माल सप्टेंबरपर्यंत ठेवला आणि तीस टक्के घट आली तर हातात १७५ क्विंटल उरतात. तेवढ्यातून तीन लाख यायचे तर भाव १,७०० च्या वर हवा. थांबण्याचे, मजुरीचे, व्याजाचे पैसे अजून धरलेलेच नाहीत. घट वीस टक्क्यांवर आणली तर दोनशे क्विंटल उरतात आणि दीड हजारालाच बरोबरी होते. पंचवीस क्विंटलचा हा फरक १,७०० च्या भावाने ४२,५०० रुपयांचा आहे, दर वर्षी. स्वस्त आणि चांगली चाळ यांच्यातला फरक मला असा मोजता आला. स्वस्तातली चाळ घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा कागदावर करावा.

चाळीने शेतकऱ्याला एक शब्द मिळतो: "आज नाही." मेमध्ये सगळ्यांचा कांदा एकदम लासलगावला, पिंपळगावला, उमराण्याला येतो, तेव्हा ज्याच्याकडे चाळ नाही त्याला मिळेल त्या भावाला हो म्हणावं लागतं. पण चाळ कांदा राखते, भाव राखत नाही, हेही तितकंच खरं. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं तेव्हा लोक पावसाळाभर कांदा सांभाळून नुकतेच चाळी फोडू लागले होते. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. ती मे २०२४ मध्ये उठली तीही शुल्कासकट. ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरातल्या गृहिणीला कांदा परवडला पाहिजे हे मला मान्य आहे, मीही शहरात विकतच घेते. पण चार महिने कांद्याची सड, घट, कोंब सोसलेल्या माणसावर एका रात्रीत असा निर्णय पडतो तेव्हा त्याचा "आज नाही" हा एवढाच शब्द काढून घेतला जातो. निर्णय घेणाऱ्यांनी एकदा ऑगस्टमध्ये खणात कोपरापर्यंत हात घालून बघावा.

दुसरे मार्ग नाहीत असं नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प २००२ पासून आहे. विकिरणाने कांद्याचे कोंब थांबतात. पण सड आणि वजनातली घट त्याने थांबत नाही, म्हणून त्यानंतरही साठवण चांगलीच लागते. शीतगृहात शून्याच्या आसपास कांदा छान राहतो, मात्र वीजबिल आणि बाहेर काढल्यावर सुटणारं पाणी, फुटणारे कोंब यांचा बंदोबस्त छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. आमच्यासारख्यांना अजून कामट्या आणि वारा हाच आधार आहे.

यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात नवी चाळ भरली. आठही खणांच्या खांबांवर तात्यांनी खडूने भरल्याची तारीख आणि वावराचं नाव लिहिलं. पावसाळ्यात मी घरी असले की पहाटे त्यांच्याबरोबर बोळातून फेरी मारायचे. ते प्रत्येक खणापाशी थांबून खोल श्वास घेतात. चांगल्या खणाला सुक्या पाचोळ्यासारखा वास असतो. जुलैत पाचव्या खणापाशी ते दोनदा थांबले. मला काहीच कळलं नाही. भावाने वरचा थर बाजूला केला तर हातभर खाली तीन कांदे बसलेले होते, आजूबाजूचे दहा-बारा ओले. तेवढे काढून टाकले. जुन्या चाळीत त्याच तीन कांद्यांचा ऑगस्टपर्यंत खड्डाभर चिखल झाला असता.

ऑगस्टपासून एकेक खण फुटत गेला. यंदाही बाजारभावाने साथ दिली असं नाही, पण घाईने काही विकावं लागलं नाही. सातवा खण आता दिवाळीच्या तोंडावर निघाला. भुईकाट्यावर गाडी चढवली तेव्हा तात्या चष्मा पुसून आकड्याकडे बघत उभे होते. मेमध्ये एकतीस क्विंटल भरले होते, चोवीस निघाले. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

रिकामे खण झाडून, साल-पाचोळा जाळून, तळाला चुना मारून झालाय. तिथे आता ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि मक्याची कणसं ठेवायची यावरून भाऊ आणि आई बोलतायत. चाळीची इतर सामानाची वखार करू नये असं तात्यांचं म्हणणं, पण मार्चमध्ये ती पुन्हा पूर्ण मोकळी करायची या अटीवर त्यांनी दोन खण दिले आहेत.

आठवा खण भरलेला होता. भाव अजून थोडा चढेल, असं भावाला वाटत होतं. वसुबारसेच्या आदल्या पहाटे चांगलंच गार होतं. तात्या नेहमीसारखे बोळातून गेले, आठव्या खणातून एक कांदा उचलून उजेडात धरला. शेंड्यावर तांदळाएवढं हिरवं टोक आलं होतं. त्यांनी तो कांदा भावाच्या हातात दिला. भावाने तो फिरवून बघितला आणि पिकअपवाल्याला फोन लावला.